बाजार, चूल आणि हरिपाठ



वारकरी बंधु-भगिनींनो, प्रवचनाला विषय ग्रंथातून घ्यावा अशी आपली रीत आहे. ओवी घ्यावी, तिचा अन्वय लावावा, पूर्वपक्ष मांडावा आणि मग सिद्धांताकडे यावे. आजचा विषय मात्र मला एका माउलीने दिला, आणि तोही स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभे राहून. तिला मी त्या दिवशी दिलेले उत्तर चुकले. चार माणसांत दिलेले चुकीचे उत्तर चार माणसांतच दुरुस्त करावे, म्हणून हा लेखनप्रपंच. श्रोत्यांनी अवधान द्यावे.

गोष्ट अशी. शनिवारी एकादशी झाली होती आणि रविवारी द्वादशी होती. एका माळकरी गृहस्थाच्या घरी संध्याकाळी प्रवचन आणि त्यानंतर पंचवीस-तीस मंडळींना प्रसादाचे जेवण, असा बेत होता. मी आदल्या रात्रीच मुक्कामाला गेलो होतो. त्यामुळे त्या घराचा सबंध रविवार माझ्या डोळ्यांपुढून गेला.

घरची माउली पहाटे पाचाला उठली. कालचा उपास होताच. स्नान, सडा, तुळशीला पाणी. सातच्या आत पारण्याचा वरण-भात आणि भाजी तयार. आम्ही मंडळी पाटावर बसलो, पारणे सोडले, तृप्तीचा ढेकर दिला. आठ वाजता ती दोन पिशव्या घेऊन आठवड्याच्या बाजाराला निघाली. मला फुले आणि अष्टगंध हवे होते, म्हणून मीही बरोबर गेलो. साडेदहाला परत. मग मेथी निवडणे, घेवडा मोडणे, नारळ खवणे. हरभऱ्याची डाळ शिजली, गुळात घोटली, पुरणयंत्रातून निघाली. परातभर कणीक तिंबून झाली. सासूबाई वयस्कर. बसल्या जागी त्यांनी जेवढे होईल तेवढे केले. पोळ्या लाटणे, भाजणे, कटाची आमटी, भात, कोशिंबीर. यात संध्याकाळचे सहा वाजले आणि बाहेर टाळ वाजू लागला. माझे प्रवचन तिने आतूनच ऐकले. ऐकले म्हणजे काय, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे जेवढे कानावर पडेल तेवढे.

पंगती उठल्या. रात्री दहाला मी पाणी मागायला आत गेलो, तर ती खरकटी भांडी घासत होती. बाजूला फडताळावर हरिपाठाची लहानशी पोथी. ती म्हणाली, "महाराज, एक विचारू का? आज माझा हरिपाठ राहिला. आजचाच नव्हे, बहुतेक रविवारी राहतो. सहा दिवस नोकरी, सातव्या दिवशी बाजार आणि चूल. घरातले म्हणतात, रविवारी आपल्या घरी देवाचं होतं. मला तर नेमका रविवारीच देव सापडत नाही. माझं हे देवाच्या हिशेबात लागतं का हो?"

आम्हा प्रवचनकारांची जीभ तयार असते. मी लगेच म्हणालो, "माउली, हातात काम आणि मुखात नाम, एवढे पुरे. जनाबाई काय करीत होती? दळता दळताच गात होती ना?"

ती हसली. म्हणाली, "जनाबाई दळत होती खरी, महाराज. पण तिच्या जात्याचा खुंटा दुसऱ्या बाजूने देवानं धरला होता. माझ्या जात्याला दुसरा हात कुणाचा?"

मी पाणी पिऊन बाहेर आलो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता या प्रश्नाचा क्रमाने विचार करू. दिवसाची सुरुवात बाजारापासून झाली, तेव्हा आधी बाजार पाहू.

कित्येकांची अशी समजूत असते की, देवळात पुण्य आणि बाजारात प्रपंच. ही समजूत आपल्या संतांच्या चरित्राशी जुळत नाही. आपला संप्रदाय मुळी बाजारहाट करणाऱ्यांचा आहे. तुकोबांच्या घरी वाण्याचे दुकान होते. नरहरी महाराज सोन्याच्या तराजूशी बसणारे. गोरोबाकाका तेरला मडकी घडवीत. आणि सावता महाराज! सोलापूर जिल्ह्यातले अरण हे त्यांचे गाव. सन १२९५ मध्ये त्यांनी तिथेच देह ठेवला. परंपरा सांगते की, ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत. पांडुरंगच त्यांच्या मळ्यात आला. आपल्या मळ्याच्या भाजीपाल्यातच त्यांना विठाई दिसली.

आता मला सांगा, ज्या भाजीत सावतोबांना विठाई दिसली, त्या भाजीशी आपण बाजारात कसे वागतो? त्या रविवारी मी डोळ्यांनी पाहिले. गोणपाटावर भेंडी मांडून एक म्हातारी बसली होती. एक सद्‌गृहस्थ आले. गळ्यात माळ, कपाळी बुक्का. भेंडी कोवळी आहे की नाही हे पाहण्यासाठी एकेकीचा शेंडा मोडू लागले. दहा-बारा शेंडे मोडले, "निबर आहे" म्हणाले आणि पुढे गेले. शेंडे मोडलेली भेंडी दुसरे कोणी घेईना. म्हातारीने ती मुकाट्याने वेगळी काढून पदराखाली ठेवली. बंधूंनो, हा कोणाचा शेंडा मोडला? पुढे तेच गृहस्थ दुसऱ्या गाड्यावर पाच रुपयांसाठी घासाघीस करताना दिसले, आणि पाच रुपये कमी करून घेतल्यावर वर कोथिंबीर-कढीपत्ता फुकट मागताना. संध्याकाळी प्रवचनाला ते पहिल्या रांगेत होते. त्यांची निंदा करण्यासाठी हे सांगत नाही. मी स्वतः कित्येक वर्षे भेंडी अशीच घेत आलो. त्या दिवशी दुसऱ्याच्या हातात आपला हात दिसला, एवढेच.

बाजारात दुसरी कसोटी सुट्या पैशांची. नाथमहाराजांची पैची गोष्ट तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबात एक पै जमेना. नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले. पहाटे चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. गुरूंनी विचारले, "कसला आनंद?" आणि मग बोध केला की, एका पैची चूक सापडल्यावर इतका आनंद, तर संसाराची चूक सापडल्यावर केवढा होईल! ही पै म्हणजे केवढी? आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै होत. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि पुढे पै व्यवहारातून गेली. आता तर मोबाईल पुढे धरला की पैसे पोहोचतात, नाणे हातात येतही नाही. पण पै गेली म्हणून पैची चूक गेली नाही. भाजीवालीने गडबडीत दहा रुपये जास्त परत दिले, तर ते आपण देवाने दिले असे मानतो. तिने दहा कमी दिले, तर तिला चोर म्हणतो. नाथांनी रात्र जागवली ती चूक शोधण्यासाठी. आपल्याला सापडलेली चूक आपण खिशात घालतो. ज्या घरी अशा दहा रुपयांची मेथी येते, त्या घरी नैवेद्याचे ताट कितीही सजवा, त्यात एक खडा राहतोच.

तेव्हा बाजार हाही परमार्थाचाच प्रांत. शेंडा न मोडता भाजी घेणे, बसलेल्या माणसाच्या कष्टाचे मोल देणे आणि चुकून आलेला पैसा परत करणे, एवढे ज्याने केले त्याची अर्धी पूजा पिशवी भरतानाच झाली.

आता बाजारातून चुलीपाशी येऊ.

स्मृतिकारांनी गृहस्थाच्या घरात पाच हिंसास्थाने सांगितली आहेत. त्यांना पंचसूना म्हणतात. चूल, जाते-पाटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याची घागर. या पाचही ठिकाणी नकळत जीव मरतात. त्याच्या निष्कृतीसाठी पाच महायज्ञ सांगितले. ब्रह्मयज्ञ, देवयज्ञ, पितृयज्ञ, भूतयज्ञ आणि मनुष्ययज्ञ. आता चुलीच्या जागी गॅस आला, पाट्याच्या जागी मिक्सर आला, घागरीच्या जागी नळ. साधने बदलली तरी पाच कामे तीच राहिली. आणि यात एक मजा पाहा. हे पाच दोष आणि पाच यज्ञ शास्त्राने गृहस्थाला सांगितले. आपण काय वाटणी केली? देवयज्ञाची घंटा पुढच्या खोलीत आपल्या हाती घेतली, आणि पाची सूना मागच्या खोलीत माउलीच्या पदरात टाकल्या. यज्ञ आमचा, दोष तिचा! ही वाटणी कोणत्या शास्त्रात आहे, हे मी पुष्कळ शोधले. मला तरी सापडली नाही.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी स्पष्ट सांगितले आहे की, यज्ञातून उरलेले अन्न खाणारे सज्जन सर्व पापांतून मुक्त होतात, आणि जे केवळ आपल्यापुरते शिजवतात ते पाप खातात. आम्ही हे रांधणाऱ्याला ऐकवतो. अरे, पण त्या माउलीने आपल्यापुरते कधी शिजवले? घरात एकटी असली तर ती शिळ्या पोळीवर दिवस काढते. केवळ आपल्यापुरता विचार कोण करतो? ज्याने शिजवले नाही, वाढले नाही, "पोळी गरम नाही का?" म्हणून पाटावरून हाक मारली आणि उठताना मागे कोण जेवायचे राहिले हेही पाहिले नाही, त्याने. त्या द्वादशीला मी तसाच उठलो. पुरणपोळ्या मी तीन खाल्ल्या. शेवटी तिच्या वाट्याला किती उरल्या हे मी पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या बोलण्यातून कळले. पोळी उरली नव्हती. कालपासूनचा उपास आणि रात्री अकराला आमटी-भात. यज्ञशेष तिने खाल्ला. मग मी काय खाल्ले, ते भगवंतांच्या शब्दांवरून तुम्हीच ठरवा.

येथे कोणी शंका घेईल की, महाराज, मग नामाचे काय? काम करता करता नाम घेता येते हे खोटे का? खोटे मुळीच नाही. नामाला काळवेळ नाही हा आपल्या संप्रदायाचा पाया आहे. कणीक तिंबताना, भाजी निवडताना, बसची वाट पाहताना मुखी नाम यावे. हरिपाठ मुखोद्गत असेल तर पोथी उघडायलाही नको. जिला हे साधते तिने जरूर साधावे. आणि रविवारी तिचा हरिपाठ अर्धाच झाला, तर देव तिच्यावर रुसणार नाही, हेही तिने निःशंकपणे मानावे. जो देव पान-फूल-फळ-पाणी यांवर संतोष मानतो, तो तीस माणसांच्या जेवणावर रुसेल कसा?

पण हे उत्तर तिने तिच्यापुरते घ्यावे. पाटावर बसलेल्याने ते तिला देऊ नये. मी तेच केले. 'हातात काम, मुखात नाम' हे वाक्य खरे, पण ज्याच्या हातात काम नाही त्याने ते सांगितले की त्याचा अर्थ असा होतो, काम तुझ्या हातात, नाम माझ्या मुखात! नामाच्या आडून आम्ही कामाची चोरी करतो. याला संत भक्ती म्हणणार नाहीत.

आता संतचरित्राकडेच पुन्हा वळू, पण या वेळी मागच्या दाराने.

जनाबाई मूळची गंगाखेडची. नामदेवरायांच्या घरी दासी म्हणून राहिली. तिच्याबरोबर देव दळायला बसला, कांडायला आला, शेणी वेचायला गेला, असे परंपरा गौरवाने सांगते. आपण कीर्तनात हे सांगतो तेव्हा काय सांगतो? जनीची भक्ती केवढी थोर! खरेच आहे. पण देवाने काय केले, तिकडे आपले लक्ष जात नाही. देवाने जनीला "दळता दळता माझे नाम घे" असा उपदेश करून परत राउळात जाऊन उभे राहणे पसंत केले नाही. त्याने पीतांबर खोचला आणि खुंटा धरला. दळणाचे काम त्याला हलके वाटले नाही.

आता जिजाई पाहा. तुकोबा भंडारा डोंगरावर भजनात रंगलेले. सन १६३० च्या दुष्काळाने तुकोबांचे घर होरपळून गेले होते. पहिली पत्नी अन्न अन्न करीत गेली. अशा घरात जिजाई चूल पेटवी, भाकरी भाजी आणि डोंगर चढून तुकोबांना पोहोचवी. त्यांनी खाल्ल्यावाचून ती खात नसे. एके दिवशी तिच्या पायात काटा मोडला. ती विव्हळू लागली, तेव्हा प्रत्यक्ष पांडुरंगाने येऊन तो काढला, असे सांगतात. जिजाई देवाला शिव्या घालीत असे, हे आपण हसून हसून रंगवतो. पण त्या शिव्या देणारीचा पाय देवाने हातात घेतला, हे सांगताना आपला आवाज का उतरतो? भजन करणाऱ्याच्या आधी भाकरी नेणारीकडे देव आला. यातले मर्म आपल्या ध्यानात यावे.

तिसरी गिरिजाबाई. पैठणात नाथांच्या घरी श्राद्ध होते. स्वयंपाकाचा वास दरवळला. रस्त्याने जाणारी भुकेली, अस्पृश्य मानली गेलेली मंडळी त्या वासाने थांबली. लेकरे आईला म्हणू लागली, असे अन्न आपल्याला कधी मिळेल? नाथांनी ते सगळे अन्न त्यांना वाढले. नाथांचे औदार्य आपण गातो. पण बंधूंनो, मग पुन्हा स्वयंपाक करावा लागला! सगळी भांडी घासून, चूल सारवून, तेवढाच स्वयंपाक त्याच दिवशी दुसऱ्यांदा. त्या औदार्याला गिरिजाबाईंच्या हातांचे बळ होते. पहिले अन्न वाढताना त्या कचरल्या असत्या, तर ही कथा आपल्यापर्यंत आलीच नसती. आणि नाथांच्या घरीही देव कोणत्या रूपात राहिला? श्रीखंड्या होऊन, खांद्यावर कावड घेऊन पाणी भरीत. म्हणजे पाहा, जनीकडे दळण, जिजाईपाशी काटा, नाथांकडे पाणी. देवाने भक्तांच्या घरी जी जी कामे केली, ती आपण आपल्या घरी 'बायकांची कामे' म्हणून सोडून दिली आहेत.

यावर आपण म्हणतो, "आम्हाला सवय नाही हो." हे म्हणणे तरी खरे आहे का? आषाढीच्या वाटेवर काय होते? दिंडीचा मुक्काम पडला की कोणी टँकरवरून पाणी आणतो, कोणी डाळ निवडतो, कोणी परात घेऊन वाढायला उभा राहतो. मोठमोठे बागायतदार आपले ताट आपण धुतात. तिथे कमीपणा वाटत नाही, कारण तिथे सगळेच माउली. मग घराच्या उंबऱ्याशी आल्यावर ती माउली कुठे जाते? वारीत जो हात पाण्याची कळशी उचलतो, तो रविवारी घरी खुर्चीच्या हातावरून का उठत नाही? वारी आपल्याला शिकवते, ते वर्षभर घरी करण्यासाठी. घरी केले नाही, तर पाय चालले, माणूस तिथेच राहिला.

या सगळ्याचा इत्यर्थ चार नेमांत सांगतो. एकादशीचा नेम आपण धरतो, तसा हा रविवारचा नेम धरावा. पहिला, बाजाराच्या दोन पिशव्यांपैकी एक आपण उचलावी, आणि भाजी शेंडा न मोडता घ्यावी. दुसरा, निवडणे, चिरणे, खवणे यातले एक काम घरातल्या प्रत्येक पुरुषाने आणि प्रत्येक मुलाने घ्यावे. ते करताना नाम घ्यावे, म्हणजे हातात काम आणि मुखात नाम याचा अनुभव आपल्यालाही येईल. तिसरा, जेवताना रांधणारीचे पान आधी वाढून झाकून ठेवावे, किंवा तिला पंगतीत बसवून आपण वाढावे. आपले ताट आपण घासावे. चौथा, हरिपाठ सगळ्यांनी मिळून म्हणावा, आणि घरातले शेवटचे माणूस काम आटोपून येऊन बसल्यावाचून सुरू करू नये. उशीर झाला तर होऊ द्या. अठ्ठावीस युगे विटेवर उभा राहिला, तो आणखी अर्धा तास थांबेल.

पुढच्या महिन्यात मी त्या घरी पुन्हा गेलो. प्रवचनाला नव्हे, चुकीचे उत्तर परत घ्यायला. घरधन्यांपुढेच मी त्या माउलीला म्हणालो, "त्या दिवशी मी पाटावरून बोललो. ते शब्द मागे घेतो." गृहस्थ काही बोलले नाहीत. मला वाटले, मनात राग धरला. तो रविवारच होता. थोड्या वेळाने ते उठले, आत गेले आणि मेथीची जुडी सोडून बसले. निवडता येत नव्हती. काड्यांसकट पाने जात होती. सासूबाई म्हणाल्या, "अरे, देठ कोवळा असेल तेवढाच ठेव." मुलगा हसला. मग तोही बसला. मीही बसलो. मेथी निवडता निवडता हरिपाठ सुरू झाला. माउली ओट्यापाशी भाकरी थापीत होती. तिचा आवाज सगळ्यांत वर होता. एकदा भाकरी करपली, तरी कोणी काही म्हणाले नाही.

त्या घरी आता सगळे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. नेम धरणे सोपे, चालवणे अवघड. पण त्या रविवारी तिचा हरिपाठ पूर्ण झाला, एवढे मी पाहिले.

शेवटी एकच सांगतो. आषाढी पौर्णिमेला आपण सगळे गोपाळपुरी काल्याला जातो. प्रत्येकाच्या शिदोरीतले अन्न एकात एक मिसळते आणि एकमेकांच्या मुखी जाते. तिथे वाढणारा आणि जेवणारा असा भेद राहत नाही. त्याच गोपाळपुरात जनाबाईचे जाते दाखवतात. आपण त्याला हात लावून नमस्कार करतो आणि काल्याला धावतो. येत्या वारीत त्या जात्यापाशी क्षणभर अधिक थांबा. जात्याच्या एका बाजूला जनी बसली होती, दुसऱ्या बाजूला देव. जनीची जागा घरोघरी भरलेली आहे. रिकामी आहे ती दुसरी बाजू. काल्याचा घास घेण्याआधी तिथे जाऊन बसण्याचा निश्चय प्रत्येकाने मनाशी करावा, हीच पांडुरंगाच्या चरणी प्रार्थना.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल! श्रीज्ञानदेव तुकाराम!